आठवीच्या ‘पाणी’ प्रकल्पाची आखणी नव्याने कशी करावी?

प्रश्न – करहाकाठची_शिक्षिका

नमस्कार. पुरंदर तालुक्याच्या पूर्वेकडील, म्हणजे पर्जन्यछायेच्या पट्ट्यातील एका गावात, मी इयत्ता आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते. वर्गात ४२ विद्यार्थी आहेत. मागील वर्षी आकारिक (म्हणजे वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनासाठी मी ‘पाण्याचे महत्त्व’ हा प्रकल्प दिला होता. दिवाळीच्या सुट्टीनंतर टेबलावर ४२ फायली आल्या आणि त्यांतील जवळजवळ तीस फायलींच्या मुखपृष्ठावर एकच चित्र होते: नळाच्या तोटीतून पडणारा थेंब आणि त्या थेंबात पृथ्वी. तालुक्याच्या गावी स्टेशनरीच्या दुकानात हे चित्र तयार मिळते, हे मला नंतर कळले. आतील मजकूर मोबाइलवरून उतरवलेला होता. एका मुलाने तर परिच्छेदाच्या शेवटी आलेले ‘अधिक वाचा’ हे शब्दही अतिशय सुवाच्य अक्षरात लिहून काढले होते. मी सर्वांना गुण दिले, फायली कपाटात ठेवल्या आणि उन्हाळ्यात उंदरांनी त्यांची विल्हेवाट लावली.

मुलांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण जे मागितले तेच त्यांनी आणून दिले. यंदा मात्र हे नीट करायचे आहे. मी ठरवलेला आराखडा असा आहे. विषय ‘आपल्या गावाचे पाणी – काल, आज आणि उद्या’; सहा विद्यार्थ्यांचा एक असे सात गट; पाऊस, विहिरी, बोअर, ओढा व बंधारे, पिके, पिण्याचे पाणी आणि पाण्याचे प्रदूषण असे सात उपविषय; जानेवारीत तीन आठवड्यांचा अवधी आणि २६ जानेवारीला प्रदर्शन. तरीही काही शंका उरतात. विषय फार पसरट होत आहे का? गटातील दोघे राबतात आणि चौघे नाव लावतात, त्यावर उपाय काय? अभ्यासक्रम मागे पडणार नाही, हे मुख्याध्यापकांना कसे पटवावे?

जाता जाता एक प्रसंग सांगते. गेल्या मार्चमध्ये वस्तीवरून येणाऱ्या एका मुलीने मला विचारले होते, “बाई, आमच्या हिरीचं पाणी किती दिवस पुरंल, हे आधी कळतं का हो?” तेव्हा मी तिला काही सांगू शकले नाही.

उत्तर १ – निवृत्त_मास्तर

मॅडम, आपण जो प्रसंग ‘जाता जाता’ सांगितला आहे, तोच आपला प्रकल्प आहे, आणि वरचा आराखडा बाजूला ठेवला तरी चालेल. ‘काल, आज आणि उद्या’ हे शीर्षक भाषणाला शोभते, परंतु त्यात मुलांनी शोधून काढावा असा प्रश्नच नाही. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर दुकानात मिळत नाही, मोबाइलवर नाही आणि बाईंजवळही नाही. आणि उत्तर मिळाले तर ते ऐकायला तिच्या घरी कुणीतरी खरोखर बसलेले आहे. कांदा लावायचा की हरभऱ्यावर भागवायचे, हे त्यावर ठरते.

दुसरी गोष्ट अशी की सात गटांना सात उपविषय दिले, तर एका मोठ्या फायलीऐवजी सात लहान फायली तयार होतील आणि प्रदूषणाच्या गटाला विहिरींच्या गटाशी काहीही देणेघेणे राहणार नाही. त्याऐवजी सर्व गटांना प्रश्न एकच द्यावा आणि प्रत्येक गटाला विहीर वेगळी द्यावी. सात गट, सात विहिरी. असे केल्याने गटांना परस्परांच्या आकड्यांची गरज भासते, कारण एका विहिरीचे पाणी झपाट्याने उतरते आणि दुसरीचे उतरत नाही, याचे कारण दोन्ही गट शेजारी बसल्याखेरीज सापडत नाही.

अवधीविषयी माझे मत स्पष्ट आहे. तीन आठवड्यांत पाण्याचा प्रकल्प होत नाही. जुलैपासून मार्चपर्यंत दर पंधरा दिवसांनी एकदा मोजणी करावी. मोजणीला अर्धा तास आणि वर्गात नोंदी ताडून पाहण्याला एक तासिका इतकाच वेळ लागतो. आकडे साचत जातात, आणि ते साचू लागले की मुले आपोआप विचारू लागतात.

आता एक कबुली. नोकरीच्या उमेदीच्या काळात मी मुलांकडून प्लॅस्टिकच्या बाटल्यांचे पर्जन्यमापक करून घेतले होते. बाटलीचा वरचा भाग कापून तो उलटा करून नरसाळ्यासारखा बसवायचा आणि बाहेरून कागदी पट्टी चिकटवायची, ही पद्धत आपल्याला माहीत असेलच. शाळेच्या एकाच मैदानावर ठेवलेल्या पाच बाटल्यांनी एकाच पावसाचे पाच वेगळे आकडे दाखवले आणि मी मुलांना निष्काळजी म्हणून झापले. दुसऱ्या दिवशी एक मुलगा बाटली उपडी करून माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, हिचं बूड बघा.” शीतपेयाच्या बाटलीचे बूड सपाट नसते, त्याला खळगे असतात, प्रत्येकाने पट्टीचा शून्य वेगळ्या उंचीवर धरला होता. मग आम्ही तळाशी बारीक खडे भरले, बाटली सरळ होते तिथपर्यंत पाणी ओतले आणि त्या पातळीला शून्य मानले. तेव्हापासून जो प्रकल्प वर्गाला द्यायचा तो मी आधी स्वतः अथपासून इतिपर्यंत करून पाहत असे, आणि त्यात जिथे माझे चुकले ती जागा मुलांना आधी सांगत नसे. आपणही या महिन्यात एक विहीर स्वतः मोजून पाहावी.

गावातील वयस्कर माणसांना विहिरीची खोली विचारायलाही मुलांना पाठवा. ते ‘सात परस’ असे उत्तर देतील. एक परस म्हणजे हात उंच केलेल्या माणसाची उंची. पण कोणत्या माणसाची, हे विचारले की वर्गात मोजमापाच्या प्रमाणित एककावर जी चर्चा होते, ती पाठ्यपुस्तकातील त्या विषयावरच्या दोन पानांनी होत नाही.

उत्तर २ – विहिरींचा_हिशेबनीस

मी भूजलाच्या क्षेत्रात काम करतो, शिक्षक नाही. त्यामुळे केवळ मोजणीपुरते लिहितो.

विहिरीतील पाण्याची पातळी सांगताना ती कुठून मोजली, हे निश्चित नसेल तर सगळे आकडे वाया जातात. कठड्यावर ऑइलपेंटने एक ठळक खूण करावी, प्रत्येक वेळी त्याच खुणेपासून मोजावे आणि खुणेची जमिनीपासूनची उंची एकदाच मोजून नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. सुतळी वापरू नये, कारण भिजल्यावर तिची लांबी बदलते. मोजपट्टीची टेप उत्तम. टेपच्या टोकाला दगड बांधण्याची प्रथा आहे, पण खोल विहिरीत दगड पाण्याला केव्हा टेकला हे कळत नाही. त्याऐवजी स्टीलचा लहान पेला घ्यावा, बुडाला भोक पाडून तो उपडा लोंबकळेल असा बांधावा. पेल्याची कड पाण्याला टेकली की ‘टप्प’ असा आवाज स्पष्ट येतो. टेप चार बोटे वर घेऊन पुन्हा सोडावी आणि तीन वेळा आवाज ऐकून मगच आकडा लिहावा. पेल्याची लांबी त्या आकड्यात मिळवायला विसरू नये. ही बेरीज मोठी माणसेही विसरतात.

वेळेचे महत्त्व याहून अधिक आहे. मोटार चालू असताना किंवा नुकती बंद झाली असताना मोजलेली पातळी ही उपशाची पातळी असते, विहिरीची नव्हे. शेतीपंपाची थ्री-फेज वीज काही ठिकाणी एका आठवड्यात दिवसा आणि पुढच्या आठवड्यात रात्री अशी आलटून पालटून येते. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी सात वाजता मोजलेले पाणी आणि दिवसपाळीच्या आठवड्यात त्याच वेळी मोजलेले पाणी यांची तुलना केली, तर मुलांना विहिरीऐवजी विजेच्या वेळापत्रकाचा आलेख मिळेल. म्हणून नोंदवहीत ‘मोटार केव्हा बंद झाली’ हा रकाना अवश्य ठेवावा. शक्य असेल तेव्हा सहा-आठ तास विश्रांती मिळालेली विहीरच मोजावी.

आपल्याकडील काळ्या पाषाणात पाणी भेगांतून आणि खडकाच्या कुजलेल्या थरातून झिरपते, त्यामुळे शे-दीडशे मीटर अंतरावरील दोन विहिरींचे वागणे वेगळे असू शकते. हे मुलांना आधी सांगू नका. आकडे विसंगत दिसतील, तेव्हा सांगा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, म्हणजे जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. आपल्या परिसरात अशी विहीर असेल, तर तिच्याशी आपल्या आकड्यांची तुलना करता येईल.

कठडा नसलेली विहीर प्रकल्पात घेऊच नये, तिचा मालक कितीही सहकार्य करणारा असला तरी. मोजणीच्या वेळी एक मोठे माणूस हजर हवे आणि टेप सोडणारा विद्यार्थी वगळता बाकीच्यांनी कठड्यापासून दोन पावले मागे उभे राहावे.

उत्तर ३ – पोर्शन_पूर्ण_करा

वरील दोन्ही प्रतिसाद वाचून उत्साह वाटतो. तरीही मी विरोधी बाजू मांडतो, कारण हा उत्साह मी चार शाळांतून विझताना पाहिला आहे. आठवीला एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा आहे, आणि पालक त्याच निकालावरून शाळेची किंमत करतात. ‘मुले आपोआप शिकतील’ या भरवशावर प्रकल्प सोडला, तर हुशार मुले शिकतात आणि ज्यांचे गणित कच्चे आहे ती टेप धरायला उभी राहतात. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या तिघा शिक्षण-संशोधकांनी २००६ साली लिहिलेला एक लेख प्रसिद्ध आहे. नवशिक्यांना अत्यल्प मार्गदर्शन देऊन स्वतः शोधायला लावण्यापेक्षा स्पष्ट शिकवणे अधिक परिणामकारक ठरते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्यावर पुष्कळ वाद झाले, पण ग्रामीण वर्गातील माझा अनुभव त्याच्या जवळ जाणारा आहे.

म्हणून प्रकल्प करू नये, असे मी म्हणत नाही. वृत्तचितीचे घनफळ प्रकल्पातून ‘उमलेल’ अशी वाट पाहू नये. ते फळ्यावर शिकवावे, दहा उदाहरणे सोडवून घ्यावीत आणि मग विहिरीवर न्यावे. विहिरीचा व्यास ६ मीटर असेल तर तळाचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस मीटर होते, आणि पाणी १ मीटरने उतरले म्हणजे सुमारे २८,००० लीटर पाणी कमी झाले, हे गणित वर्गात पक्के झालेल्या मुलालाच विहिरीवर आनंद देते. इतरांना ते दुसऱ्याने सांगितलेले उत्तर असते. जुलैपूर्वी घनफळ घ्यावे लागले, तर प्रकरणांचा क्रम बदला. वार्षिक नियोजन आपणच करतो, ते काही दगडावर कोरलेले नाही.

करहाकाठची_शिक्षिका

सर, आपला आक्षेप मला पटला, विशेषतः टेप धरून उभ्या राहणाऱ्या मुलांबद्दल. घनफळाचे प्रकरण आणि सांख्यिकीतील मध्य मी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात घेते. आलेख काढणे पहिल्या तीन मोजण्यांनंतर शिकवावे असे वाटते, कारण तोवर काढण्यासारखे काही हातात नसेल. गुणांचे मात्र अजून उमगलेले नाही. सहा जणांच्या गटाला एकच गुण दिले तर अन्याय होतो, आणि वेगवेगळे दिले तर ते कशाच्या आधारे, हा प्रश्न पालकसभेत येतोच.

उत्तर ४ – अध्यापक_विद्यालयातून

आठवीला आकारिक मूल्यमापनासाठी ४० गुण आहेत आणि आठ साधनतंत्रांपैकी (मूल्यमापनाच्या पद्धतींपैकी) प्रकल्प हे केवळ एक आहे, ही गोष्ट आपल्या बाजूची समजावी. एकाच प्रकल्पातून तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम आणि प्रकल्प अशा अनेक साधनतंत्रांच्या नोंदी मिळू शकतात. त्यामुळे मुख्याध्यापकांना ‘प्रकल्पासाठी वेगळा वेळ’ असे न सांगता ‘या नोंदी येथून घेणार आहे’ असे सांगितले, तर बोलणे सोपे जाते.

गटाला गुण द्यावेत, पण थोडे, आणि तेही केवळ सामायिक तक्त्याच्या अचूकतेसाठी. उर्वरित गुण प्रत्येकाच्या स्वतःच्या प्रकल्पवहीला द्यावेत. ही वही शाळेतच राहील आणि तिच्यात मोजणीच्या दिवशी, विहिरीजवळच, पेनने लिहिले जाईल. खाडाखोड झाली तर ती दिसू द्यावी. माझ्याकडे येणाऱ्या छात्राध्यापकांना मी नेहमी सांगते की सर्वांत स्वच्छ वहीकडे सर्वांत जास्त संशयाने पाहा. दर महिन्याला प्रत्येक गटातील एका मुलाला, तो कोण हे आयत्या वेळी ठरवून, दुसऱ्या गटाचा आलेख समोर ठेवून तीन मिनिटे बोलायला लावावे: येथे पाणी अचानक का उतरले असावे, आणि हे खरे की खोटे हे ठरवायला आणखी काय मोजावे लागेल? कच्च्या मुलांची नावे या फेरीत लवकर यावीत, म्हणजे त्यांना सावरायला वेळ मिळतो. नाव लावणाऱ्या चौघांचा प्रश्न या एका गोष्टीने पूर्ण सुटत नाही, पण निम्मा सुटतो.

कामांची फिरती पाळीही लावावी. टेप सोडणे, आकडा वाचणे, लिहिणे, मालकाला मोटारीची वेळ विचारणे आणि मागील आकड्याशी ताडून पाहणे, यांपैकी प्रत्येक काम प्रत्येकाकडे वर्षात किमान दोनदा यावे. मुलींकडे लेखन आणि मुलांकडे टेप अशी विभागणी आपोआप होते. ती पहिल्याच दिवशी मोडून काढावी.

प्रदर्शनाबद्दल थोडे. २६ जानेवारीला पाहुणे फीत कापून, तक्त्यांवरून नजर फिरवून चहाला जातात. त्यापेक्षा परतीचा पाऊस संपल्यावर, रब्बीची पेरणी ठरण्याआधी, सातही विहिरींच्या मालकांना वर्गात बोलवावे आणि मुलांनी त्यांना अंदाज सांगावा. अंदाज खरा ठरला की नाही, ते मार्चमध्ये कळेल, म्हणून मार्चची तासिका आताच राखून ठेवावी. हिवरेबाजारला दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली जातात. आपल्या मुलांचे काम त्याचीच शालेय आवृत्ती आहे. आपल्याच जिल्ह्यात पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबाग यांनी १९८३ पासून जे शिक्षण उभे केले, त्यात विद्यार्थ्यांनी गावाला प्रत्यक्ष सेवा देणे हा अभ्यासक्रमाचाच भाग होता. तेथे एकदा जाऊन आलात, तर पुष्कळ गोष्टी न सांगता कळतील.

करहाकाठची_शिक्षिका (ऑगस्टमधील नोंद)

सर्वांचे आभार मानून पहिल्या तीन मोजण्यांचा वृत्तांत देते. सात विहिरींपैकी एकीला कठडा नव्हता, म्हणून ती सोडली आणि त्या गटाला शाळेमागचा जुना आड दिला. पहिल्याच दिवशी दोन गटांना मी मुद्दाम एकाच विहिरीवर पाठवले. एकाने ६.४० मीटर लिहिले, दुसऱ्याने ५.६५ मीटर. पाऊण तास भांडण झाले, एकमेकांच्या टेपवर संशय घेतला गेला, आणि अखेर ज्या मुलाने मागील वर्षी ‘अधिक वाचा’ उतरवले होते, त्याने कठड्याची उंची मोजली. ती ७५ सेंटिमीटर भरली. ऑइलपेंटची खूण त्यानंतर मुलांनीच सुचवली. मी रंगाचा डबा पिशवीत ठेवून गप्प बसले होते.

पेल्याची युक्ती उत्तम चालते. आडावर मात्र आवाज घुमतो आणि नेमका आकडा धरता येत नाही, तेथे अजून उपाय सापडलेला नाही.

आता नवी अडचण. आम्ही सातही विहिरींचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणार होतो. एका शेतकऱ्याने नम्रपणे, पण ठाम नकार दिला. त्यांची विहीर सामाईक आहे, पाण्याच्या पाळीवरून चुलत भावाशी जुना वाद आहे, आणि शाळेने लावलेला आकडा उद्या त्या वादात पुरावा म्हणून वापरला जाईल, अशी त्यांना धास्ती वाटते. त्यांच्याच घरातील मुलगी त्या गटात आहे. मोजणी थांबवावी का?

निवृत्त_मास्तर

मोजणी थांबवू नका, फलक थांबवा. विहिरींना नावांऐवजी क्रमांक द्या आणि हे क्रमांक वर्गाबाहेर जाऊ देऊ नका. तरीही सात विहिरींच्या गावात कोणती विहीर कुणाची हे दोन दिवसांत ओळखले जाते, म्हणून फलकावर सातही विहिरींची मिळून सरासरी तेवढी लावा. मध्य शिकवलेलाच आहे. प्रत्येक मालकाला त्याच्या विहिरीचा आलेख त्याच्या हातात द्या, आणि तो कुणाला दाखवायचा हे त्याला ठरवू द्या. त्या शेतकऱ्याकडे आपण स्वतः एकदा जाऊन या, मुलीला निरोप्या करू नका.

आडासाठी पेल्याऐवजी बूच लावलेली, तळाशी थोडी वाळू भरलेली लहान बाटली वापरून पाहा. ती पाण्यावर तरंगली की टेप सैल पडते आणि हाताला कळते, आवाजाची गरज लागत नाही. बाटली किती बुडते ते आधी बादलीत मोजून घ्या.

करहाकाठची_शिक्षिका

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्यांच्याकडे जाऊन येते. बादली आणि बाटली सोमवारी वर्गात.